अक्षता पडतानाच लाइव्ह का अडकतं?

लग्न मोबाइलवरून लाइव्ह दाखवणारा कुणी ना कुणी आता जवळजवळ प्रत्येक घरात असतो. एखादा चुलतभाऊ, नवरीची मैत्रीण, नाहीतर "तुला कळतं ना त्यातलं" म्हणून पकडलेला भाचा. ट्रायपॉडवर फोन लागतो, घरच्या ग्रुपवर लिंक पडते, आणि टोरंटोची आत्या, गुडघ्यांमुळे प्रवास न झेपणारी रत्नागिरीची आजी, असे सगळे आपापल्या पडद्यासमोर बसतात.

आधीचे विधी व्यवस्थित दिसतात. मंगलाष्टकं सुरू होतात, तोवरही ठीक असतं. मग शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते, आणि नेमकं तेव्हाच चित्राचे चौकोन चौकोन होतात. मग ते गोल फिरणारं चक्र. चित्र परत येईपर्यंत हार घालून झालेले असतात.

"नेमकं तेव्हाच कसं काय?" असं म्हणून सगळे नशिबाला बोल लावतात. पण यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. माझं पीएचडीचं काम व्हिडिओ आणि नेटवर्क यांच्या सांध्यावर चालतं, आणि अक्षता पडण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात या विषयातले बहुतेक अवघड प्रश्न एकदम हजर होतात. ते कसे, हे आज बघू. कारण समजलं की उपायही बऱ्यापैकी आपल्या हातात येतात. आणि ते हातात असलेले बरे, कारण लग्न पुन्हा लागत नाही. २०२०-२१ मध्ये तर कितीतरी लोकांनी जवळच्या माणसाचं अंत्यदर्शन असंच फोनवर घेतलं. तिथेही "परत एकदा दाखव" म्हणायची सोय नसते.

कॅमेरा काय देतो आणि रस्ता किती नेतो

आधी थोडा हिशोब. फुल एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. सेकंदाला अशी ३० चित्रं. व्हिडिओत रंगाची माहिती जरा कमी तपशिलात ठेवतात, त्यामुळे ठिपक्यामागे सरासरी १२ बिट धरू. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ७४६ मेगाबिट होतात. ही झाली कॅमेऱ्यातून निघणारी कच्ची माहिती.

आणि आपण लाइव्हला किती पाठवतो? साधारण ४ मेगाबिट. म्हणजे दर सेकंदाला १८७ पानांचा मजकूर एका पानात बसवायचा, आणि वाचणाऱ्याला काही गळालंय असं वाटू द्यायचं नाही. हे काम फोनमधला एन्कोडर करतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळा भागच असतो.

एन्कोडरची मुख्य युक्ती साधी आहे: सगळं सांगायचं नाही, फक्त काय बदललं ते सांगायचं. आपण फोनवर कुणाला क्रिकेट मॅचचा स्कोअर सांगतो तेव्हा दर चेंडूला मैदानाचं वर्णन करत नाही. "एक धाव" एवढं पुरतं. एन्कोडरही अधूनमधून, समजा दर २ सेकंदांनी, एक पूर्ण चित्र पाठवतो आणि मधल्या चित्रांसाठी फक्त फरक पाठवतो. २००३ साली आलेली आणि अजूनही सगळीकडे वापरात असलेली एच.२६४ ही पद्धत चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाबद्दल म्हणते, "हा मघाचाच तुकडा, फक्त थोडा डावीकडे सरकलाय." मागची भिंत, मांडव, समया, चौरंग, पाट, सगळं जागच्या जागी असतं. ते जवळजवळ फुकटात जातं. भटजींचे हात तेवढे हलतात. म्हणून विधी इतके छान दिसतात.

अक्षता हे एन्कोडरचं वाईट स्वप्न

आता अक्षता पडतात. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा. "मघाचाच तुकडा सरकलाय" हे वाक्य इथे चालतच नाही, कारण प्रत्येक चौकोनात चार दाणे चार दिशांना चाललेले असतात. मागच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणजे फरकच एवढा मोठा होतो की जवळजवळ पूर्ण चित्रच पुन्हा पाठवावं लागतं. पाऊस, हलतं पाणी, उधळलेला गुलाल, कागदी चमक्या यांचंही तसंच.

त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश. फ्लॅश उडाला की क्षणभर अख्ख्या चित्राचा उजेड बदलतो. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. त्यामुळे कधीकधी फ्लॅशचा उजेड चित्राच्या अर्ध्याच भागात येतो, आणि एन्कोडरच्या दृष्टीने सगळंच नवीन होतं. शिवाय याच वेळी पाहुणे उभे राहतात, हात वर जातात, कुणीतरी कॅमेऱ्यासमोरून धावतं.

मग एन्कोडरपुढे दोनच वाटा उरतात: जास्त बिट खर्च करायचे, किंवा चित्र भरड करायचं. तुम्ही नुसतं रेकॉर्डिंग करत असाल तर तो पहिली वाट धरतो. फोनच्या स्टोरेजवर लिहायला सेकंदाला १५-२० मेगाबिटही सहज चालतात. म्हणून त्याच फोनवर रेकॉर्ड केलेल्या अक्षता सुरेख दिसतात. लाइव्हला मात्र पुढे अरुंद रस्ता आहे, म्हणून दुसरी वाट. तुम्हाला दिसलेले ते चौकोन म्हणजे हीच भरड.

म्हणजे "एवढा महागाचा फोन असून असं कसं?" या प्रश्नाचं उत्तर फोनच्या किमतीत नाही. कॅमेरा आपलं काम करतोय. अडचण त्याच्या पुढे आहे.

वर चढणारा रस्ता अरुंद का असतो

नेटचा वेग तपासला की दोन आकडे येतात. मोठा आकडा डाउनलोडचा, आणि आपण तोच बघून खूश होतो. लाइव्ह दाखवणाऱ्याच्या कामाचा आकडा दुसरा, अपलोडचा. तो लहान का असतो?

एक कारण ताकदीचं. टॉवर दहापट नाही, शंभरपट जोराने बोलू शकतो. ४जी फोनला मात्र साधारण ०.२ वॉटपर्यंतच प्रक्षेपण करायची मुभा असते. खिशातली बॅटरी आणि आपलं डोकं या दोन्हींचा विचार करून ती मर्यादा ठरलेली आहे. त्यामुळे टॉवरचं बोलणं फोनला स्पष्ट ऐकू येतं, पण सिमेंटच्या भिंतींतून आणि पत्र्याच्या छपरातून फोनचं कुजबुजणं टॉवरपर्यंत नीट पोचेलच असं नाही. दुसरं कारण वाटपाचं. आपल्याकडचे बरेच ४जी आणि ५जी पट्टे एकाच लहरीवर आळीपाळीने ये-जा करतात, आणि त्यातला मोठा वाटा येण्यासाठी राखलेला असतो. लोक बघतात जास्त, पाठवतात कमी, हा त्यामागचा हिशोब.

आता या अरुंद रस्त्यावर अक्षतांच्या क्षणी काय होतं? हॉलमधल्या दोनशे-तीनशे माणसांच्या हातात फोन असतात. कुणी स्टेटस टाकतं, कुणी फोटो पाठवतं, कुणी बहिणीला व्हिडिओ कॉल लावतं. एकाच टॉवरच्या एकाच विभागातून हे सगळं वर चढायला बघतं. चित्राला सगळ्यात जास्त बिट हवे असतात आणि रस्ता सगळ्यात जास्त तुंबलेला असतो, तो हाच क्षण. एकाच प्रसंगातून आल्यामुळे मागणी आणि टंचाई हातात हात घालून येतात.

रांगेचं गणित

समजा तुमचं ॲप सेकंदाला ४ मेगाबिट देतंय आणि रस्ता २ मेगाबिटच नेतोय. उरलेले २ मेगाबिट जातात कुठे? फोनमध्ये आणि वाटेतल्या यंत्रांमध्ये रांगेत उभे राहतात. असं १० सेकंद चाललं की रांगेत २० मेगाबिट साचतात. ती रांग २ मेगाबिटच्या वेगाने सरकायला आणखी १० सेकंद लागतात. म्हणजे आत्ता टिपलेलं चित्र १० सेकंदांनी निघणार. काही हरवलेलं नाही, काही बिघडलेलं नाही, नुसता उशीर वाढत गेलाय. यंत्रांमधल्या या फुगलेल्या रांगांना बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०-११ च्या सुमारास या दुखण्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं.

त्यात माहितीचा एखादा तुकडा हरवला तर? इथे दोन स्वभावाचे नियम आहेत. टीसीपी म्हणतो, हरवलेला तुकडा परत येईपर्यंत मागचे सगळे थांबा. यूट्यूबसारख्या ठिकाणी लाइव्ह पाठवायला सर्रास वापरला जाणारा आरटीएमपी याच टीसीपीवर चालतो. यूडीपी म्हणतो, गेला तो गेला, पुढे चला. व्हिडिओ कॉल बहुतेक वेळा यूडीपीवर चालतात, कारण बोलताना उशिरा आलेल्या शब्दाचा उपयोग नसतो. एसआरटी नावाची, २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुली झालेली पद्धत मधला मार्ग काढते. हरवलेला तुकडा परत मागवायचा, पण ठरलेल्या मुदतीतच. मुदत संपली की नाद सोडायचा. ही मुदत किती, ते तुम्ही ठरवायचं.

खरा निर्णय उशिराचा आहे

या सगळ्यातून मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. लाइव्ह दाखवायला बसलात की पहिला प्रश्न "किती एचडी?" हा नको. पहिला प्रश्न हवा, "बघणाऱ्याला किती उशीर चालेल?"

उशीर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. नळाला पाणी मध्येच गेलं तरी टाकी भरलेली असेल तर घरात धार चालू राहते. बघणाऱ्याच्या बाजूला २० सेकंदांचा साठा असेल तर मधली ५ सेकंदांची तंगी त्याला कळतही नाही. टाकीच नसेल तर नळ गेला की धार गेली. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा: रोज येतं त्याहून जास्त पाणी वापरलंत तर टाकी कितीही मोठी असली तरी संपणारच. उशीर तात्पुरती तंगी झाकतो, कायमची झाकत नाही.

व्हिडिओ कॉलमध्ये ही टाकी जवळजवळ नसते. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे संभाषण सुरळीत वाटायला एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा. तेवढ्या वेळात साठा करणार कसला? म्हणून कॉल रस्ता अडला की लगेच चित्र भरड करतो. यूट्यूबसारख्या प्रक्षेपणात मात्र व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत हे तुकडे आधी १० सेकंदांचे होते, पुढे ६ सेकंदांची शिफारस झाली. बघणाऱ्याचा प्लेअर असे दोन-तीन तुकडे हाताशी ठेवून मग दाखवायला लागतो. म्हणून तिथे १५-२० सेकंदांचा उशीर असतो, आणि म्हणूनच ते सहसा जास्त स्थिर असतं.

आता आत्याचं बघा. तिला अक्षता पडताना बघायच्या आहेत, भटजींशी बोलायचं नाहीये. तिला २० सेकंद उशीर पूर्ण चालेल. तिला तो कळणारच नाही, ग्रुपवर कुणी "लागलं लग्न!" असं आधीच टाकलं नाही तर. मग मुहूर्तासाठी व्हिडिओ कॉल कशाला? यूट्यूबवर लाइव्ह करताना उशिराचा पर्याय मिळाला तर 'नॉर्मल' निवडा, 'अल्ट्रा लो' नको. नंतर नवरा-नवरीला आत्याशी बोलायचं असेल तेव्हा व्हिडिओ कॉल लावा. तिथे चित्र थोडं खराब असलं तरी बोलणं वेळेवर पोचायला हवं. दोन प्रसंग, दोन साधनं.

बघणाऱ्याला नेमकं काय हवंय हे ओळखणं या क्षेत्रात फार जुनं आहे. पहिला वेबकॅम म्हणून ओळखला जाणारा कॅमेरा १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यासमोर लावला होता. चित्र १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं, काळंपांढरं, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारं. तरी तो २००१ पर्यंत चालला, कारण बघणाऱ्याचा प्रश्न एवढाच होता: भांड्यात कॉफी आहे का?

संशोधन कुठे अडलंय

तुम्ही म्हणाल, फोनलाच कळू दे ना रस्ता अरुंद झालाय ते. कळतं, पण थोडं उशिरा. व्हिडिओ कॉलमध्ये माहितीचे तुकडे किती अंतराने पोचतायत हे मोजलं जातं. अंतर वाढायला लागलं म्हणजे वाटेत रांग लागतेय, असं ओळखून वेग उतरवतात. अडचण अशी की नेटवर्क सांभाळणारा भाग आणि एन्कोडर हे दोन वेगळे कारभारी आहेत. पहिला म्हणतो "कमी कर", तोवर दुसऱ्याने पुढचं चित्र मोठं बनवून ठेवलेलं असतं. आणि अक्षता पडल्या की एन्कोडरचा स्वतःचा अंदाजही चुकतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'साल्सिफाय' ही पद्धत मांडली. तिच्यात हे दोन कारभारी एका टेबलावर बसवले. प्रत्येक चित्राच्या एक जड आणि एक हलकी अशा दोन प्रती बनवायच्या, आणि पाठवायच्या क्षणी रस्ता बघून एक निवडायची. दोन्ही झेपत नसतील तर ते चित्र सोडून द्यायचं. कल्पना ऐकायला सोपी आहे, पण त्यासाठी एन्कोडरला "मघाच्या स्थितीत परत जा" असं सांगता यायला हवं, आणि फोनच्या चिपमधले तयार एन्कोडर सहसा तशी सोय देत नाहीत. या आणि अशा कामांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: चित्र बनवणारा आणि चित्र नेणारा यांचं आपसांत बोलणं व्हावं. तुमच्या लग्नापर्यंत ते झालेलं नसेल, म्हणून काही गोष्टी आपल्यालाच कराव्या लागतील.

मग करायचं काय?

अपलोड मोजा, आणि हॉलमध्येच मोजा. मुहूर्त असेल त्याच वेळी, दोन-चार वेळा. सरासरी धरू नका, सगळ्यात लहान आकडा धरा. त्याच्या निम्म्यावर व्हिडिओचा वेग लावा. ३ मेगाबिट मिळत असतील तर १.५. उरलेला निम्मा अक्षतांसाठी आणि पाहुण्यांच्या फोनांसाठी.

वेग कमी केला की ठिपकेही कमी करा. ७२०पी चित्रात १०८०पीच्या निम्म्याहून कमी ठिपके असतात. दीड मेगाबिटमध्ये ७२०पी नीटस दिसतं, १०८०पीचे चौकोन होतात. आजीच्या फोनवर फरक कळणारही नाही.

उजेड वाढवा. कमी उजेडात सेन्सर चित्रात बारीक कण-कण भरतो, आणि ते कण दर चित्रात वेगळे असतात. एन्कोडरच्या दृष्टीने त्या सतत पडणाऱ्या अक्षताच. म्हणजे स्टेजवरचा एक जास्तीचा दिवा नेटचा भार हलका करतो. फोन हातात धरू नका, ट्रायपॉडवर ठेवा, कारण हात हलला की अख्खं चित्र हलतं. मागे हलती चित्रं दाखवणारी एलईडी भिंत असेल तर मुहूर्तापुरतं तिच्यावर स्थिर चित्र ठेवायला सांगा. ॲपमध्ये शटर ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटर जुळलं नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात.

रस्ता वेगळा काढा. हॉलच्या ऑफिसात वायरचं ब्रॉडबँड असेल तर ते मागून घ्या. वायफायवर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न घुसणारे चॅनेल जेमतेम तीन असतात आणि गर्दीत ते भरलेले असतात. सिमवरच चालवायचं असेल तर बहुतेक पाहुण्यांकडे नसलेल्या कंपनीचं सिम शोधा.

डेटाचा हिशोब आधी करा. ४ मेगाबिटने तासाला १.८ जीबी जातात. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तो ५० मिनिटांत संपतो आणि वेग एकदम घसरतो. हळद आणि सीमांतपूजनही दाखवत बसलात तर अक्षतांपर्यंत काही उरणारच नाही. १.५ मेगाबिटने तासाला ६७५ एमबी लागतात.

आवाज जपा. चांगला आवाज १२८ किलोबिटमध्ये जातो, म्हणजे आपल्या दीड मेगाबिटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. चित्र क्षणभर थांबलं तरी मंगलाष्टकं ऐकू येत असतील तर बघणारा लग्नातच असतो. जमलं तर भटजींच्या माइकच्या साउंडवाल्याकडून लाइन घ्या. वाजंत्री सुरू झाल्यावर आवाज फाटणार नाही एवढा तो आधी कमी ठेवा.

फोन गरम होऊ देऊ नका, कारण तापला की तो स्वतःच काम मंदावतो. कव्हर काढा, उन्हात ठेवू नका, चार्जिंगला लावा, येणारे कॉल बंद करा. यूट्यूबवर पहिल्यांदाच लाइव्ह करणार असाल तर परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ते आदल्या दिवशी सकाळी करायला घेऊ नका.

आणि दुसऱ्या एका फोनवर नुसतं रेकॉर्डिंग लावून ठेवा. लाइव्हला मुदत असते, आठवणीला नसते. रस्ता पूर्ण अडलाच तर रात्री आत्याला पाठवायला त्या रेकॉर्डिंगमधल्या अक्षता असतील, दाणा न् दाणा दिसणाऱ्या.

एक तालीम मात्र नक्की करा. आदल्या संध्याकाळी हॉलमधले सगळे दिवे लावून, फक्त लिंक असणाऱ्यांनाच दिसेल असं लाइव्ह सुरू करा. दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी बघायला बसवा. मग मूठभर तांदूळ घ्या, कॅमेऱ्यासमोर उधळा, आणि त्याला विचारा काय दिसलं. चौकोन दिसले तर वेग अजून उतरवा, दिवा वाढवा, आणि पुन्हा उधळा. किलोभर तांदूळ पुरेल.